घरी स्टिकर कापण्यासाठी व्हिनाइल कटर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिनाइल कटर नेमके काय करतो? तो छापतो का?

छापत नाही, फक्त कापतो. रंगीत व्हिनाइलच्या पातळ थराखाली डिंक असतो आणि त्याखाली सिलिकॉनचा लेप दिलेला कागद असतो. यंत्रातील बारीक सुरी वरचा थर कापते आणि खालचा कागद शाबूत ठेवते. त्यानंतर नको असलेले व्हिनाइल चिमट्याने सोलून काढायचे, उरलेल्या अक्षरांवर ट्रान्सफर टेप दाबायची आणि टेपसकट सगळी अक्षरे उचलून दारावर, काचेवर किंवा गाडीवर बसवायची, असा हा सगळा उद्योग आहे. रेडियमच्या दुकानात ज्या यंत्राला प्लॉटर म्हणतात, ते हेच यंत्र असते. घरासाठी मिळणारे यंत्र आकाराने लहान असते, पण त्यामागचे तत्त्व वेगळे नाही.

एका स्टिकरमध्ये अनेक रंग हवे असतील, तर प्रत्येक रंगाचे व्हिनाइल वेगळे कापून एकावर एक किंवा शेजारी शेजारी बसवावे लागते. छायाचित्रासारखे रंगकाम हवे असेल, तर छपाई आधी आणि कटिंग नंतर करावे लागते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

बाजारात इतकी यंत्रे दिसतात. त्यांत मूळ फरक कोणता?

ढोबळ मानाने दोन घराणी आहेत. पहिले घराणे हौशी कारागिरांसाठी बनवलेल्या टेबलावरच्या यंत्रांचे. सिल्हूएटची कॅमिओ आणि पोर्ट्रेट, क्रिकटची जॉय, एक्सप्लोर आणि मेकर, तसेच ब्रदरची स्कॅनएनकट ही त्यांतली परिचित नावे आहेत. दुसरे घराणे साइनेजवाल्यांच्या, म्हणजे दुकानांच्या पाट्या-फलक बनवणाऱ्यांच्या, प्लॉटरचे. त्यात रोलँड आणि ग्राफटेक यांची महाग पण वर्षानुवर्षे चालणारी यंत्रे येतात, आणि त्याच घाटाची, बहुधा २४ इंच रोल घेणारी, स्वस्त चिनी यंत्रेही येतात. सिल्हूएट ही ग्राफटेकचीच उपकंपनी असल्यामुळे कॅमिओ काहीशी दोन्ही घराण्यांच्या मधली आहे.

पहिल्या घराण्याची यंत्रे कागद, कार्डशीट, कापड असे बरेच काही कापतात आणि नवशिक्याला बोट धरून पुढे नेतात. दुसऱ्या घराण्याची यंत्रे मुख्यतः रोलवरचे व्हिनाइल कापतात, पण ते काम निमूटपणे आणि दीर्घकाळ करतात. ‘शेकडो प्रकारचे साहित्य कापणारे यंत्र’ अशा जाहिरातीकडे मी फारसे लक्ष देत नाही. स्टिकर करणाऱ्याला प्रत्यक्षात दोन-तीन प्रकारचेच साहित्य लागते, आणि त्याची अडचण साहित्याच्या प्रकारांत नव्हे, तर फाइल, सुरी आणि रोल यांत असते. तेव्हा हे यंत्र माझी फाइल जशीच्या तशी घेईल का, आणि त्याची सुरी व त्याला चालणारा रोल मला दुकानात सहज मिळेल का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत आणि किमतीकडे मग वळावे.

घरासाठी किती रुंदीचे यंत्र घ्यावे?

दारावरची नावाची पाटी, बरणीवरची लेबले, लॅपटॉपवरचे चित्र, दुचाकीच्या टाकीवरचे अक्षर, एवढ्यासाठी १२ इंच रुंदी पुरेशी आहे. रुंदीची मर्यादा असली तरी लांबी बरीच मिळते, त्यामुळे लांबलचक ओळ रोलच्या लांबीत आडवी करून कापता येते. भिंतीवर मोठे चित्र लावायचे असेल किंवा दुकानाच्या काचेचे काम घ्यायचे मनात असेल, तर मात्र २४ इंचांचाच विचार करावा. १२ इंचांच्या पट्ट्या जोडून मोठे चित्र लावता येते, परंतु तो सांधा जवळून पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

आणखी एक हिशेब करावा. साइनेजचे साहित्य विकणारे घाऊक दुकानदार व्हिनाइल मुख्यतः २ आणि ४ फुटी रुंदीत ठेवतात. २४ इंची यंत्रात दोन फुटी रोल थेट बसतो. १२ इंची यंत्रासाठी तोच रोल मधोमध चिरून घ्यावा लागतो, आणि चिरलेली कड सरळ नसेल तर लांब कटिंग करताना माल तिरपा सरकत जातो. क्रिकटच्या नव्या यंत्रांत तळाच्या चिकट चटईशिवाय कापायचे असेल, तर त्यासाठी त्या कंपनीचे १३ इंच रुंदीचे ‘स्मार्ट’ व्हिनाइल गृहीत धरलेले आहे. बाकीचे व्हिनाइल चटईवर चिकटवून कापता येते, पण मग लांबी चटईपुरती, म्हणजे फार तर दोन फुटांपर्यंत राहते. जॉय या लहान यंत्राची कटिंगची रुंदी केवळ साडेचार इंच आहे. भेटवस्तूंवर नावे घालण्यासाठी ते गोंडस यंत्र आहे, पण पहिले आणि एकमेव यंत्र म्हणून त्याची शिफारस मी करणार नाही.

यंत्र कुठे ठेवणार तेही आधी पाहावे. माल यंत्राच्या पुढून आणि मागून सतत आत-बाहेर होतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या टेबलावर तो मागे अडतो, दुमडतो आणि काम बिघडते.

सॉफ्टवेअरला एवढे महत्त्व का द्यायचे?

कारण यंत्र दहा वर्षे टिकेल, परंतु ते चालवणारे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हातात असू शकते. क्रिकटची यंत्रे कंपनीच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरवरच चालतात आणि त्यासाठी खाते उघडावे लागते. मार्च २०२१ मध्ये या कंपनीने जाहीर केले की, वर्गणी न भरणाऱ्या ग्राहकांना महिन्याला केवळ २० नव्या फाइली चढवता येतील. ग्राहकांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच कंपनीने तो निर्णय मागे घेतला. त्याआधी २०१८ मध्ये याच कंपनीने क्राफ्ट रूम हे जुने सॉफ्टवेअर बंद केले, तेव्हा कार्ट्रिजवर, म्हणजे तयार चित्रे साठवलेल्या डबीवर, चालणाऱ्या जुन्या यंत्रांची संगणकाशी असलेली जोडणी संपुष्टात आली. यंत्रे धडधाकट होती, त्यांचा निम्मा उपयोग मात्र गेला. क्रिकट वापरायला सोपे आहे हे मान्य करूनही ही बाजू खरेदीआधी माहीत असावी.

सिल्हूएट स्टुडिओ संगणकावर उतरवून घेता येते. त्याची मोफत आवृत्ती एसव्हीजी फाइल (रेषांच्या स्वरूपात चित्र साठवणारा एक प्रकार) उघडत नाही. त्यासाठी डिझायनर आवृत्तीचा परवाना विकत घ्यावा लागतो, पण तो एकदाच. मोफत आवृत्तीत डीएक्सएफ हा तसाच दुसरा प्रकार चालतो, म्हणून काटकसरीने काम करणारे इंकस्केप या चित्रे काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमधून डीएक्सएफ काढतात. इंकस्केपमधून सिल्हूएटच्या यंत्राला थेट आज्ञा देणारे मुक्त एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरही, उपलब्ध आहे.

साइनेजवाल्यांचे बहुतेक प्लॉटर एचपीजीएल नावाची जुनी आज्ञाभाषा समजतात. ती ह्यूलेट-पॅकार्डने पेनने रेषा काढणाऱ्या प्लॉटरसाठी तयार केली होती. तिच्यात एक मिलिमीटर म्हणजे ४० एकके, म्हणून फाइलमध्ये ४०० लिहिले की सुरी बरोबर एक सेंटिमीटर सरकते. भाषा खुली असल्यामुळे यंत्रासोबत आलेले सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तरी दुसरे लावता येते. स्वस्त चिनी यंत्रांसोबत कधी कधी परवाना नसलेल्या सॉफ्टवेअरची तबकडी मिळते. तिच्या भरवशावर यंत्र घेऊ नये. आपल्या संगणकाच्या सध्याच्या विंडोजवर यूएसबीचा ड्रायव्हर बसतो की नाही, हे विक्रेत्याकडून दुकानातच करून दाखवून घ्यावे.

मराठी अक्षरे कापताना शिरोरेषेचे तुकडे का पडतात?

मराठीत काम करणाऱ्याला सर्वाधिक छळणारा प्रश्न हाच आहे, आणि दोष यंत्राचा नसतो. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो आणि शेजारचे तुकडे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. पडद्यावर किंवा छपाईत दोन्ही तुकडे एकाच रंगाचे असल्याने सांधा दिसत नाही. कटर मात्र रंग पाहत नाही, तो फक्त बाह्यरेषा पाहतो. त्यामुळे ‘आईचा आशीर्वाद’ कापायला दिले की सुरी प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र फिरते, शिरोरेषा ठिकठिकाणी उभी चिरली जाते, काना वेगळा होतो आणि सोलताना अर्धी अक्षरे कचऱ्यासोबत निघून येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये एकच अक्षर अनेक तुकड्यांनी जुळवलेले असल्यामुळे हा त्रास अधिक होतो.

उपाय असा की, मजकूर कापण्याआधी सर्व तुकड्यांची एकच आकृती करावी. इंकस्केपमध्ये युनिकोडमध्ये मजकूर लिहावा, पाथ मेन्यूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ वापरून अक्षरांचे आकार करावेत, गट सोडवावा आणि मग सगळे निवडून ‘युनियन’ करावे. कोरलड्रॉमध्ये हेच काम ‘वेल्ड’ करते. त्यानंतर भरलेला रंग लपवून केवळ बाह्यरेषा दाखवणारे दृश्य उघडावे. शिरोरेषेच्या पोटात एकही उभी रेघ उरलेली दिसता कामा नये. ही तपासणी टाळली, तर पुढे व्हिनाइलही वाया जाते आणि वेळही.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. कटरसोबत येणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी टंकले की ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला पडते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो आणि ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव तर हमखास मोडते. म्हणून तिथे मजकूर टंकूच नये. अक्षरे इंकस्केपमध्ये तयार करून, त्यांचे आकार करून, तयार आकृती म्हणूनच कटरच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावीत. यामुळेच बाहेरची एसव्हीजी किंवा डीएक्सएफ फाइल विनासायास घेणारे यंत्र मराठी माणसाला अधिक उपयोगी पडते. खरेदीपूर्वी ‘ज्ञानेश्वर’, ‘विठ्ठल’ आणि ‘कुऱ्हाडे’ अशी नावे असलेली फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी आणि ती समोर कापून मागावी.

फॉन्ट निवडताना रेषेच्या जाडीकडे पाहावे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मोदक हा गुबगुबीत फॉन्ट किंवा तिचाच बलू हा फॉन्ट व्हिनाइलला उत्तम मानवतो, आणि दोन्ही मुक्त परवान्याखाली मिळतात. मुक्तासारख्या फॉन्टची जाड वजने घ्यावीत, बारीक वजने टाळावीत. सोलताना सर्वांत आधी अनुस्वार उचलला जातो, कारण तो कशालाही जोडलेला नसतो आणि त्याच्या खाली डिंकही नखाएवढाच. तो तीन मिलिमीटरांपेक्षा लहान होत असेल, तर अक्षराचा आकार वाढवावा किंवा फॉन्ट बदलावा. एकूण अक्षर १५ मिलिमीटरांपेक्षा कमी उंचीचे असेल, तर घरगुती यंत्रावर देवनागरी कापू नये असे माझे मत आहे. ते कापता येते, पण सोलणाऱ्याचे डोळे जातात.

जाहिरातीत कटिंगचा दाब ग्रॅममध्ये दिलेला असतो. किती पुरेसा आहे?

साध्या व्हिनाइलला बहुधा १०० ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. कॅमिओ ४ मधला सुरी बसवायचा मुख्य कप्पा २१० ग्रॅमपर्यंत, तर रोलँडचा जीएस-२४ हा व्यावसायिक प्लॉटर ३५० ग्रॅमपर्यंत दाब देतो. क्रिकट मेकरची चार किलोंची क्षमता पातळ लाकूड आणि चामड्यासाठी आहे, स्टिकरसाठी तिचा काही उपयोग नाही. रिफ्लेक्टिव्ह रेडियम जाड आणि कडक असल्यामुळे त्याला अधिक दाब लागतो आणि सुरीही लवकर बोथट होते. ते नियमित कापणार असाल, तर ३०० ग्रॅमच्या वरचे यंत्र पाहावे.

सर्वो मोटर हवीच का?

सुरी आणि माल हलवणारी मोटर स्टेपर किंवा सर्वो अशा दोन प्रकारची असते. सर्वो हवीच असे नाही. स्टेपर मोटरचे यंत्र स्वस्त असते, पण घरघर अधिक करते आणि वेगात गोलाई कापताना कधी पायऱ्या दिसतात. वेग कमी ठेवला तर कट पुष्कळ सुधारतो. फ्लॅटमध्ये रात्री काम करणार असाल, तर सर्वोच्या शांतपणासाठी जास्त पैसे मोजावेत.

सुरीचा कोन आणि खोली कशी ठरवावी?

या यंत्रांतील सुरी स्वतः वळवली जात नाही. तिचे टोक मध्यापासून किंचित बाजूला असते, त्यामुळे ऑफिसच्या खुर्चीचे चाक जसे ओढले जाईल त्या दिशेला वळते, तशी तीही मागे ओढली जाऊन वळते. या अंतराला ऑफसेट म्हणतात. रोलँड पद्धतीच्या ४५ अंशांच्या सुरीसाठी ते सामान्यतः ०.२५ मिलिमीटर असते. सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा चुकला की चौकोनाचे कोपरे गोल होतात किंवा कोपऱ्याबाहेर शेपट्या फुटतात. पुष्कळजण अशा वेळी यंत्र खराब निघाले म्हणून ते परत करायला निघतात.

नेहमीच्या व्हिनाइलसाठी ४५ अंशांची सुरी योग्य, तर जाड रेडियम आणि बारीक नक्षीसाठी ६० अंशांची. सुरी होल्डरमधून, म्हणजे ती ज्या नळीत बसते तिच्यातून, केसाएवढीच बाहेर काढावी. होल्डर हातात धरून व्हिनाइलच्या तुकड्यावर रेघ ओढून पाहावी. वरचा थर पूर्ण कापला जाऊन कागदावर पुसटसा ओरखडा उठला, तर खोली बरोबर. कागदही चिरला गेला असेल, तर सुरी आत घ्यावी. अधिक खोल कापल्याने काम चांगले होत नाही, उलट सुरीचे टोक तुटते आणि खालची टेफ्लॉनची पट्टी खरवडली जाते. प्रत्येक नव्या रोलवर आधी एक लहान चौकोन कापून सोलून पाहण्याची सवय ठेवावी.

रोलँड पद्धतीच्या सुऱ्या अनेक कंपन्यांच्या यंत्रांत बसतात आणि स्वस्त मिळतात. फक्त मूळ कंपनीचीच सुरी बसणारे यंत्र घेण्याआधी त्या सुरीची किंमत विचारून घ्यावी.

व्हिनाइल कोणते घ्यावे?

व्हिनाइल दोन पद्धतींनी बनते. कॅलेंडर्ड प्रकारात पीव्हीसीचा गोळा तापलेल्या रोलरांतून लाटून त्याचा पातळ पापुद्रा करतात. या ताणाची आठवण मालात राहते आणि उन्हात तो पुन्हा आक्रसू पाहतो. कास्ट प्रकारात द्रवरूप मिश्रण ओतून वाळवतात, म्हणून तो ताणरहित, अधिक पातळ आणि वक्र पृष्ठभागावर नीट बसणारा असतो, अर्थात महागही. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुचाकीच्या गोलाकार टाकीवर स्वस्त कॅलेंडर्ड व्हिनाइल लावले, तर काही काळाने कडा मागे सरकून डिंकाची काळी रेघ उघडी पडते. तिथे कास्टच घ्यावे. सपाट काच, स्टीलचा डबा किंवा दरवाजा यांसाठी चांगल्या प्रतीचे कॅलेंडर्ड पुरते.

ओराकल या व्हिनाइलच्या ब्रँडच्या मालाचे आकडे बाजारात मापदंडासारखे वापरले जातात. ६५१ बाहेरच्या कायमस्वरूपी कामाला, ६३१ घरातल्या भिंतीवरून नंतर काढता येईल अशा कामाला, तर ७५१ कास्ट प्रकारातले. दुसऱ्या कंपनीचा माल घेताना ‘६५१ च्या तोडीचा आहे का’ असे विचारले की दुकानदाराला नेमके कळते.

भिंतीवर लावलेले स्टिकर पावसाळ्यात सुटते. असे का?

डिस्टेंपर किंवा चुन्याची भिंत हाताला पावडर सोडते, आणि स्टिकर भिंतीला नव्हे तर त्या पावडरीला चिकटते. कोकणात दमट भिंतीवर हा दोष लवकर उघडा पडतो. प्लास्टिक किंवा ऑइल पेंटवर, भिंत कोरडी असताना आणि नवा रंग पूर्ण मुरल्यावरच लावावे. उरलेले रोल पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावेत, कारण खालच्या कागदाने ओल शोषली की माल वाकतो आणि कटरमध्ये सरळ चालत नाही.

रंगीत छापलेले स्टिकर आकारात कापायचे असतील तर?

त्यासाठी यंत्रात नोंदणीखुणा वाचणारा प्रकाशीय सेन्सर हवा. आधी प्रिंटरवर चित्रासोबत कोपऱ्यांत काळ्या खुणा छापतात, मग कटर त्या शोधून चित्राच्या कडेने कापतो. कॅमिओ, एक्सप्लोर आणि मेकरमध्ये ही सोय आहे. स्वस्त २४ इंची यंत्रांपैकी अनेकांत ती नसते किंवा लाल दिव्याने हाताने खुणा जुळवाव्या लागतात. चकचकीत लॅमिनेशनवर सेन्सर अनेकदा फसतो. खुणांच्या जागेवर मॅट पारदर्शक टेप लावली की काम भागते.

याच यंत्रावर टी-शर्टचे व्हिनाइल कापता येईल का?

येईल. मात्र चित्र आरशातल्यासारखे उलटे करून, चमकदार पारदर्शक बाजू खाली ठेवून कापावे लागते, आणि नंतर साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसवर १०-१५ सेकंद दाबावे लागते. घरच्या इस्त्रीने होते, पण दाब सारखा पडत नसल्याने धुण्यात कडा उचलल्या जातात.

लेझर कटरवर व्हिनाइल कापले तर?

कदापि कापू नये. पीव्हीसी जळल्यावर हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो श्वसनमार्गाला घातक आहे आणि लेझर यंत्राचे लोखंडी भागही त्याने गंजतात.

गाडीची नंबर प्लेट घरी कापून लावता येईल का?

नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक आहे आणि जुन्या वाहनांनाही ती बसवण्याचे आदेश आहेत. तिच्यावर होलोग्राम आणि उठावदार अक्षरे असतात, ती व्हिनाइलने करता येत नाहीत. गाडीवर हौसेचा मजकूर लावायचा तर तो पाटीपासून आणि चालकाच्या नजरेच्या टप्प्यातील काचेपासून दूर ठेवावा. कंपन्यांची बोधचिन्हे किंवा चित्रपटांतील पात्रे कापून विकणे हा ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचा भंग ठरतो, हेही विक्रीचा विचार असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

जुने यंत्र घ्यावे का?

रोलँड किंवा ग्राफटेकचे जुने यंत्र नव्या स्वस्त यंत्रापेक्षा बहुधा चांगले निघते. घेताना सुरीखालची पट्टी खरवडलेली आहे का, माल दाबणारी रबरी चाके झिजून सपाट झाली आहेत का आणि पट्टा सैल आहे का, ते पाहावे. मग दोन मीटर लांबीची सरळ पट्टी कापायला लावावी आणि माल शेवटपर्यंत तिरपा न होता जातो का, ते तपासावे. जोडणी जुन्या समांतर किंवा सिरियल केबलची असेल, तर चालेल असा कन्व्हर्टर विक्रेत्याकडूनच मागावा. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र आणवत असाल, तर अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का, ते पाहूनच आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेवर लावावे.